तोंडाच्या वासाचं मूळ सापडलं तेव्हा

बहिणीने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "राग मानू नकोस, पण हल्ली तुझ्या तोंडाला वास येतो. माझं असं झालं असतं तर तू सांगावंस असंच मला वाटलं असतं." इतकंच. चारचौघांत नाही, नाक मुरडून नाही. म्हणूनच मला ते ऐकून घेता आलं.

दोन वेळा ब्रश करत होते, मग वास कसला? पोटाचा असेल म्हणून आठवडाभर पथ्य केलं, फरक शून्य. शेवटी दंतवैद्य गाठले. बहुतेक वेळा मूळ तोंडातच असतं, त्या म्हणाल्या आणि आरशात दाखवलं: जिभेच्या मागच्या भागावर पिवळसर थर, दाढांच्या कडेला कीटण. तिथले जंतू अन्नातली प्रथिनं कुजवतात आणि गंधकयुक्त वायू सुटतात. दाढांमधून काढलेला फ्लॉसचा धागा मी हुंगला, तर तोच वास!

कीटण काढून घेतलं. रोज रात्री फ्लॉस, मग जीभ मागपर्यंत साफ करायची, हलक्या हाताने. पाणीही वाढवलं, कारण तोंड कोरडं पडलं की वास बळावतो. माउथवॉशने तो नुसता तासभर झाकला जायचा. दोन आठवड्यांत हिरड्यांतून रक्त येणं थांबलं, पाठोपाठ वासही गेला. नसता गेला, तर टॉन्सिलमधले खडे आणि सायनस तपासायचं ठरलं होतं.