विहिरीच्या दगडात चमकणारे पिवळे कण सोने की पायराइट, हे कसे ओळखावे

बेळगाव शहराच्या परिसरात बहुतेक दख्खनचा काळा पाषाण, गोकाकच्या धबधब्याखाली कलादगीचा क्वार्टझाइट (वाळूच्या दगडापासून बनलेला कठीण खडक) आणि खानापूरकडे धारवाडी शिस्ट (पापुद्र्यांचा खडक) सापडतो. विहीर खोदताना पिवळे चमकणारे कण दिसण्याची शक्यता या शेवटच्या खडकात अधिक असते.

प्रथम तो कण फरशीच्या खडबडीत पाठीवर घासावा. सोन्याची रेघ पिवळी उमटते, पायराइटची (लोह आणि गंधकाच्या पिवळ्या खनिजाची) हिरवट काळी. नंतर चाकूचे टोक दाबून पाहावे: पायराइटचे काठिण्य (१ ते १० च्या मोहस मापनात) ६ ते ६.५ असल्याने त्यावर सहसा ओरखडा उठत नाही, मात्र तांब्याच्या माक्षिकावर (तांबे, लोह व गंधकाचे पिवळे खनिज; आयुर्वेदातले सुवर्णमाक्षिक हेच) तो सहज उठतो, म्हणून केवळ ओरखड्यावर विसंबू नये. हातोडीखाली सोने चपटे होते. पायराइट मात्र फुटतो, ठिणग्या उडतात आणि गंधकाचा वास येतो. तेव्हा डोळे जपावेत.

हा वास अपघाती नाही, कारण शुद्ध पायराइटच्या वजनात सुमारे ५३ टक्के गंधक असते. १८३८ मध्ये सिसिलीच्या गंधकाच्या व्यापाराची मक्तेदारी एका फ्रेंच कंपनीला मिळून भाव चढले, तेव्हा युरोपातील गंधकाम्लाचे कारखानदार पायराइट भाजण्याकडे वळले. आपल्याकडे बिहारमधील अमझोर येथे याच उपयोगासाठी खाणकाम झाले.

नमुना कोरड्या डबीत ठेवावा. ओल लागली की पायराइटपासून आम्ल तयार होते आणि कागदी चिठ्ठीसुद्धा जळते.