शेवटच्या आठवड्यातल्या चुका : घाई कुठे नको, उशीर कुठे नको

दिवस भरत आले की घरातल्या सगळ्यांची नजर कॅलेंडरवर खिळते, आणि पहिली चूक तिथेच होते. डॉक्टरांनी दिलेली तारीख म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले २८० दिवस. तो एक अंदाज आहे, मुहूर्त नव्हे. नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच. पहिलटकरणीची तारीख उलटणं तर नेहमीचंच. तरीही दुसऱ्या दिवसापासून "अजून काहीच नाही का?" असे फोन सुरू होतात आणि जिला झोपेची गरज आहे ती बाई उत्तरं देत बसते. फोन सरळ दुसऱ्या कुणाकडे द्या. तारीख उलटल्यावर डॉक्टर तपासण्या वाढवतात, ४१ आठवड्यांच्या आसपास कळा आणण्याबद्दल बोलतात. ४२ च्या पुढे सहसा थांबू देत नाहीत, कारण तोवर वारेचं, म्हणजे बाळाला आईकडून पोषण पोचवणाऱ्या अवयवाचं, काम मंदावू लागण्याची शक्यता वाढते. तारीख उलटली तर हे वेळापत्रक त्यांच्याकडून आधीच समजून घ्या.

या वाट पाहण्यातूनच घरगुती उपायांचं खूळ निघतं. त्यातलं सगळ्यात वाईट एरंडेल. त्याने पोटात मुरडा येतो, जुलाब होतात, अंगातलं पाणी कमी होतं आणि ऐन कळांच्या वेळी बाई गळून जाते. कळा सुरू होतील याची खात्री मात्र नाहीच. चालायला हरकत नाही, पण बाळ "खाली आणायला" दमेपर्यंत जिने चढण्यात शहाणपण नाही. पिशवीचं तोंड बोटाने सैल करून कळांना चालना देण्याची पद्धत डॉक्टरांकडे असते; तिच्याबद्दल त्यांनाच विचारा.

तपासणीत "तोंड दोन सेंटिमीटर उघडलंय" किंवा "डोकं फिक्स झालंय", म्हणजे बाळाचं डोकं खाली कमरेच्या हाडांत बसलंय, असं ऐकून त्याच रात्री बॅग उचलणारेही कमी नाहीत. दोन सेंटिमीटरवर कित्येक दिवस जाऊ शकतात, आणि काल पूर्ण बंद असलेलं तोंड आज उघडू शकतं. पोट उतरलं की श्वास मोकळा होतो, ओटीपोटावर दाब येतो, लघवीच्या खेपा वाढतात. पण पहिल्या खेपेला डोकं काही आठवडे आधीच खाली बसू शकतं, तर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला थेट कळा सुरू झाल्यावर. त्यावरून दिवस ठरवता येत नाही.

कळा मोजण्यातला घोळ

सर्वांत जास्त फेऱ्या खोट्या कळांमुळे होतात. ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरने १८७२ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून अनेक ठिकाणी त्या त्याच नावाने लिहिलेल्या दिसतील. पोट दगडासारखं घट्ट होतं, सैल पडतं, पण त्याला ताल नसतो. पाणी प्यायलं, लघवीला जाऊन आलं, कूस बदलली, थोडं चाललं की त्या विरतात. खऱ्या कळा काही केल्या थांबत नाहीत. त्या अनेकदा कमरेतून पुढे येतात, दोन कळांमधलं अंतर घटत जातं, जोर वाढत जातो, आणि ऐन कळेत वाक्य पूर्ण करता येत नाही.

मोजताना बहुतेक जण एक कळ संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतचा वेळ लिहितात. तसं नाही. एकीच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत मोजायचं, आणि प्रत्येक कळ किती वेळ टिकली ते वेगळं. पाच-पाच मिनिटांनी कळ, ती मिनिटभर टिकणारी, आणि असं तासभर चाललेलं, हा पहिलटकरणीसाठी साधारण नियम. दुसरं किंवा तिसरं बाळंतपण असेल तर एवढं थांबू नका. तेव्हा गाडी फार वेगाने पुढे जाते. आधीचं सिझेरियन असेल, बाळ पायाळू असेल, वार खाली असेल किंवा दवाखाना लांब असेल तर हा नियम तुमच्यासाठी नाहीच. पहिल्या कळेलाच फोन करा.

आणि दवाखान्याने तपासून घरी पाठवलं तर ओशाळू नका. पहिल्या खेपेला सुरुवातीच्या मंद कळा कित्येक तास, कधी दिवसभरही चालतात. तेवढा वेळ घरी खाऊन-पिऊन, आडवं पडून काढलेला बरा. हे दुखणं आधीच चालू झालंय म्हणून रात्रभर येरझाऱ्या घालणारी बाई खऱ्या कळांपर्यंत दमून जाते.

पाणी आणि अंगावरून जाणं

घट्ट, चिकट, गुलाबी किंवा तपकिरी छटेचा स्राव गेला तर तोंड मऊ होतंय एवढंच समजायचं. कळा त्यानंतर काही तासांत येतील किंवा काही दिवसांनी. लालभडक रक्त, पाळीसारखं, गेलं तर मात्र क्षणभरही थांबायचं नाही.

बाळाभोवतीचं पाणी जाणं दर वेळी धो-धो नसतं. थेंब-थेंब गळतं आणि बाई ते लघवी समजून सोडून देते. ही चूक नेहमीची. स्वच्छ पॅड लावा, अर्धा तास आडवं पडा, मग उभं राहा. पुन्हा ओलं झालं आणि लघवीचा वास नसेल तर पाणीच समजा. वेळ आणि रंग लिहून ठेवा, दवाखान्यात फोन करा. "कळा नाहीत ना, मग सकाळी जाऊ" असं म्हणू नका, कारण जसजसा वेळ जातो तसतसा जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. टॅम्पॉन नको, संबंध नकोत. पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल तर बाळाने आत शी केलेली असते. तेव्हा ताबडतोब निघायचं. क्वचित पाण्याबरोबर नाळ खाली येते. योनीपाशी काही दोरीसारखं लागलं तर गुडघे टेकून, डोकं खाली आणि कंबर वर ठेवून रुग्णवाहिका बोलवायची.

सर्वांत महागात पडणारी चूक

"शेवटी जागा उरत नाही, म्हणून बाळ शांत होतं." हे वाक्य कुणीही सांगितलं तरी मानू नका. जागा कमी झाल्यावर लाथांचा बाज बदलतो, लाथांऐवजी लोळणं, ढकलणं जास्त जाणवतं, पण हालचाल कमी होत नाही. अगदी कळा सुरू झाल्यावरही बाळ हलतं. बाळाची झोप साधारण २० ते ४० मिनिटांची, क्वचितच दीड तासापलीकडे. शंका आली तर डाव्या कुशीवर झोपून, टीव्ही-फोन बाजूला ठेवून लक्ष द्या. दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत तर लगेच जा, आणि रोजच्यापेक्षा स्पष्टपणे कमी वाटत असेल तर ते दोन तासही घालवू नका. गोड पिऊन वाट पाहणं, घरच्या यंत्रावर ठोके ऐकून निर्धास्त होणं, दोन्ही नको. ठोका ऐकू येणं म्हणजे बाळ सुखरूप असणं नव्हे. शिवाय त्या यंत्रात आईचीच नाडी ऐकू येण्याची शक्यता असते. कालही असंच जाऊन परत आलात? आज पुन्हा जा.

थकवा समजून सोडलेली काही दुखणीही अशीच. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहऱ्या-हातांवर अचानक सूज, ही रक्तदाब चढल्याची खूण असू शकते. रक्तदाब १४०/९० किंवा वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. तळहात-तळपायांना रात्री न थांबणारी खाज यकृताशी निगडित असू शकते. मलम लावून गप्प बसू नका.

झोपताना कुशीवर झोपा. उताणं झोपल्यावर पोटाचा भार मोठ्या शिरेवर पडतो. जाग येऊन उताण्या दिसलात तर घाबरायचं कारण नाही, कूस बदला आणि पुन्हा झोपा.

दवाखान्यात फोन करायची वेळ आली की तो नवऱ्याने किंवा आईने न करता तुम्हीच करा. किती आठवडे झाले, कितवं बाळंतपण, कळांचं अंतर, पाणी गेलं का आणि रंग कोणता, बाळ हलतंय का, एवढं सांगा. मध्येच कळ आली तर फोन कानाशीच असू द्या. कळेत श्वास कसा होतो, बोलणं तुटतं का, हे अनुभवी नर्स ऐकत असते.