वाळूजला आलात? मग मतदार यादीतलं नावही आणा

हिंगोली, परभणी, बीडकडून छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कंपन्यांत नव्यानं लागलेल्या पोरांना माझं पहिलं सांगणं हेच असतं. खोली मिळते, गॅस मिळतो, लेकरांची शाळा ठरते, पण नाव गावातच राहतं. निवडणूक आली की गावाकडून जीप येते, जेवणासकट नेऊन आणून सोडते. इकडं बजाजनगर-रांजणगावात पाण्यासाठी भांडायला गेलं की उमेदवाराचा माणूस आधी यादी बघतो. तुमचं नाव नसेल तर तुम्ही त्याच्या लेखी पाहुणे.

नाव हलवायला तहसीलच्या चकरा नकोत. निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर मोबाइलवरूनच फॉर्म 8 भरता येतो. फॉर्म 6 पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांचा. कॅफेवाला घाईत तोच भरून देतो आणि नाव दोन्हीकडं लागतं, जे कायद्याला चालत नाही. खरं घोडं पेंड खातं पत्त्याच्या पुराव्यावर. घरमालक नोंदणीकृत भाडेकरार करून द्यायला तयार नसतो. मग त्याच्याशी वाद घालत बसू नका. आधार किंवा बँक पासबुकावर इथला पत्ता आणा, तेही चालतं. अर्जाचा संदर्भ क्रमांक जपा. पडताळणीला बीएलओ, म्हणजे तुमच्या मतदान केंद्राची यादी सांभाळणारे कर्मचारी येतात, बहुधा जवळच्या शाळेतले गुरुजी नाहीतर अंगणवाडीताई. सेकंड शिफ्टला असाल तर घरी सांगून ठेवा आणि अनोळखी नंबर म्हणून त्यांचा फोन कापू नका.

पोरगं 18 वर्षांचं होत असेल तर जानेवारीची वाट बघायची गरज नाही. आता 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर याही तारखा धरतात.

"मग गावाचं काय?" असं सगळेच विचारतात. ग्रामसभेत हात वर करायचा हक्क नावाबरोबर गावातून सुटतो, हे खरं. शेती-घर तिकडं आणि इथं वर्षभराचंच काम असेल तर नाव हलवूही नका. पण गावावर नजर ठेवायला यादी लागत नाही. ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडली की आराखड्यात कोणती कामं घेतली, पैसा कशावर गेला, ते दिसतं. दिवसभर पुढाऱ्यांची भाषणं फिरवणाऱ्या गावच्या ग्रुपवर एकदा ते पान टाकून बघा.

कागदावर रस्ता झालाय आणि गावात चिखलच आहे, असं दिसलं तर माहितीचा अधिकार वापरा. तो कुठल्याही नागरिकाला आहे, तुम्ही राहायला कुठंही असा. राज्याच्या आरटीआय पोर्टलवर कार्यालय निवडायचं, 10 रुपये भरायचे. कार्यालय यादीत नसेल तर साध्या कागदावर अर्ज करून 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर हवा.

आता प्रश्न कसा विचारायचा ते नीट बघा. "रस्ता का केला नाही?" असं लिहिलं तर "प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही" असं उत्तर येतं आणि फाइल बंद. कागद मागा: कार्यारंभ आदेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेची प्रत, गुत्तेदाराला दिलेल्या देयकाची प्रत. मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते; गावात राहिलेल्या भावाला टेप घेऊन तेवढंच मोजायला सांगा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करायचं. ती तारीख आजच मोबाइलमध्ये लावून ठेवा.