रनिंग बॅकची कारकीर्द कशी वाचायची: आधी कॅरी मोजा, मग यार्ड

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर सामना असला की अर्धी पेठ गॅलरीत असते. आमच्यासाठी फुटबॉल म्हणजे तोच, पायानं खेळायचा. मी तरुणपणी पेठेच्या संघातून विंगला खेळलो आणि पुढं तीस वर्षं शाळेत खेळ शिकवला. भाचा अमेरिकेत नोकरीला गेला तेव्हापासून मात्र तिकडचा फुटबॉलही बघतोय. जुने विद्यार्थी भेटले की विचारतात, "सर, त्या ढकलाढकलीत बघायचं तरी काय?" त्यांना सांगतो, सगळा खेळ एकदम समजून घ्यायच्या नादी लागू नका. एक माणूस धरा, रनिंग बॅक, आणि त्याची अख्खी कारकीर्द वाचायला शिका.

नियम एवढे पुरेत. मैदान शंभर यार्डांचं, म्हणजे साधारण ९१ मीटर. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. सरकलात की पुन्हा चार प्रयत्न. क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा सूत्रधार, एकतर चेंडू फेकतो, नाहीतर रनिंग बॅकच्या पोटाशी देतो. तो चेंडू घेऊन एकदा पळाला की झाली एक कॅरी. कबड्डीतली चढाई समजा, फक्त समोर सात नाहीत, अकरा, आणि त्यातले काही सव्वाशे-दीडशे किलोचे. मुख्य रनिंग बॅक अशा चढाया एका सामन्यात वीस-पंचवीस वेळाही करतो.

आता एक वही घ्या. रकाने आखा: साल, वय, सामने, कॅरी, यार्ड, सरासरी म्हणजे एका कॅरीमागं किती यार्ड, झेल, फंबल म्हणजे हातातून सुटलेले चेंडू, आणि शेवटी शेऱ्यासाठी रुंद जागा. बहुतेक जण यार्डांपासून सुरुवात करतात. तुम्ही कॅरीपासून करा. यार्डांवरून त्यानं कमावलं किती ते कळतं. त्यासाठी अंगावर किती घेतलं ते कॅरीवरूनच कळतं.

पहिलं पान टेरेल डेव्हिसचं काढा. १९९५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू पाळीपाळीनं निवडतात त्यात, डेन्व्हर ब्रॉन्कोज या संघानं त्याला सहाव्या फेरीत, १९६ व्या क्रमांकावर घेतलं. त्याच्या पहिल्या चार हंगामांच्या कॅरी अशा: २३७, ३४५, ३६९, ३९२. यार्ड: १,११७, १,५३८, १,७५०, २,००८. चढती कमान. पण हे आकडे नियमित हंगामाचे. बाद फेरीचे वेगळे ठेवतात, आणि नवखा वाचक इथंच फसतो. १९९७ च्या हंगामात बाद फेरीत आणखी ११२ कॅरी, १९९८ ला ७८. बेरीज करा: ४८१ आणि ४७०. दोन्ही वेळा ब्रॉन्कोजनी सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकला. ऑक्टोबर १९९९ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, त्याचा उजवा गुडघा गेला. हेही नीट नोंदवा: चेंडू घेऊन पळताना नव्हे, आपल्या संघानं फेकलेला चेंडू समोरच्यानं मधेच पकडून पळवल्यावर त्या खेळाडूला पाडताना गेला. म्हणजे कॅरींनीच गुडघा खाल्ला असं शेऱ्यात ठोकून देऊ नका. १९९९ पासूनच्या तीन हंगामांत मिळून तो १७ सामने खेळू शकला. एकूण ७८. तेवढ्यावर २०१७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला.

या पानावर मी दर वेळी थांबतो. आमच्या वेळी एकदा स्पर्धा पाठोपाठ लागल्या होत्या. एका सामन्यात माझा गुडघा फिरला. रात्रभर सूज, सकाळी लेप, आणि चौथ्या दिवशी पट्टी आवळून पुन्हा मैदानात, कारण गाठ शेजारच्या पेठेशी होती. कॉर्नरच्या झेंड्यापाशी आत वळलो आणि गुडघ्यातून वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला. तो मलाच ऐकू आला, शेजारच्याला नाही. त्या महिन्यात मी किती सामने खेळलो होतो, हे संघातल्या कुणालाच सांगता आलं नसतं. मलाही नाही. वहीत कॅरीचा रकाना पहिला येतो तो त्यामुळं.

पुढं दोन पानं समोरासमोर ठेवा. एमिट स्मिथ: १५ हंगाम, ४,४०९ कॅरी, १८,३५५ यार्ड. कारकिर्दीत सर्वाधिक यार्ड पळण्याचा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. बॅरी सँडर्स: १० हंगाम, ३,०६२ कॅरी, १५,२६९ यार्ड. सरासरी काढली तर स्मिथची ४.२ येते, सँडर्सची ५.०. मग सँडर्स मोठा? घाई करू नका. स्मिथसमोर वाट मोकळी करणारी डॅलसची फळी भक्कम होती, पण पंधरा वर्षं रोज मैदानात उभं राहणं हेही कामच आहे. सँडर्सनं जुलै १९९९ मध्ये आपल्या गावच्या वर्तमानपत्राला फॅक्स पाठवून निवृत्ती कळवली. वॉल्टर पेटनचा १६,७२६ यार्डांचा तेव्हाचा विक्रम त्याच्यापासून १,४५७ यार्डांवर होता, आणि आदल्याच हंगामात तो १,४९१ पळाला होता. त्याच्या पानावर माझा शेरा दोन शब्दांचा आहे: स्वतः थांबला.

तिसरं पान फ्रँक गोरचं, माझं सगळ्यात आवडतं. कॉलेजातच दोन्ही गुडघ्यांचे लिगामेंट फाटलेले. तरी १६ हंगाम, बरोबर १६,००० यार्ड, आणि एकाही वर्षी यार्डांत पहिला नाही.

आकडे झाले की खेळ बघा, पण संथ करून. सप्टेंबर-ऑक्टोबरात रविवारचे सामने आपल्याकडं रात्री साडेदहाला सुरू होतात, नंतर साडेअकराला. जागरण नको असेल तर सकाळी क्षणचित्रं बघा. चेंडू हातात आल्यावर पहिल्या दोन पावलांवर थांबवा. कच्चा गडी तिथं मुंडी खाली घालून घुसतो. मुरलेला अर्धा क्षण दम धरतो, फळीतल्या आपल्या माणसाच्या पाठीला जवळजवळ हात लावून, फट पडेपर्यंत.

मग हात बघा. हे घरी करून बघण्यासारखं आहे. सोललेला नारळ घ्या. टोकावर बोटं पसरून घट्ट बसवा, तळवा खाली, बाजूनं मनगट ते कोपर, मागचं टोक दंडाच्या आत, आणि सगळं बरगडीला दाबून. आता कुणाला तरी तो हिसकायला सांगा. कोपर अंगापासून चार बोटं सुटलं तरी नारळ निसटतो. टिकी बार्बरचे चेंडू सारखे सुटायचे. २००४ मध्ये नव्या प्रशिक्षकांनी त्याला चेंडू छातीशी उंच धरायला लावला आणि ते फंबल झपाट्यानं कमी झाले. फंबलचा रकाना अचानक उतरलेला दिसला तर तिथं कुणीतरी हात धरून शिकवलंय, असं समजून शोध घ्या.

झेलांकडंही बघा. एकाच हंगामात हजार यार्ड पळून आणि हजार यार्ड झेल घेऊन मिळवणारे तिघेच: रॉजर क्रेग १९८५, मार्शल फॉक १९९९, ख्रिश्चन मॅकॅफ्री २०१९. क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्याला अडवण्याचं काम मात्र रकान्यात येत नाही, ते डोळ्यांनीच टिपायचं.

वयाशेजारी कराराचंही साल लिहा. ड्राफ्टमधून आलेल्याचा पहिला करार चार वर्षांचा. २१-२२ व्या वर्षी आलेला खेळाडू मोठ्या रकमेची बोलणी करायला बसतो तेव्हा २५-२६ चा असतो. डेव्हिसचं वय आठवा.

शेवटी सेकॉन बार्कलीचं पान काढा. २०२० मध्ये त्याचाही गुडघा फाटला होता. २०२४ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सकडून ३४५ कॅरी, २,००५ यार्ड. एरिक डिकरसनचा १९८४ चा, एका हंगामातला २,१०५ यार्डांचा विक्रम मोडायला १०१ यार्ड हवे होते आणि एक सामना शिल्लक होता. संघानं त्याला त्या सामन्यात बाहेर बसवलं. बाद फेरीत तो ९१ कॅरींत ४९९ यार्ड पळाला. ९ फेब्रुवारी २०२५ ला, त्याच्या २८ व्या वाढदिवशी, ईगल्सनी सुपर बोल जिंकला. आपल्याकडं तेव्हा सोमवारची पहाट होती. चहा गॅसवर ठेवून मी वहीत बेरीज मांडली, ४३६. शेऱ्यात लिहिलं: शेवटच्या सामन्यात बाहेर बसवला. त्याखालची २०२५ ची ओळ तुम्ही भरा, कॅरीपासून.