ऑनलाइन वर्गात प्रामाणिक अभ्यासाची सवय कशी लावावी

सोडवलेल्या गृहपाठाची पीडीएफ हल्ली गृहपाठाच्या मागोमागच ग्रुपवर येते. टपालाने पुस्तकं यायची तेव्हाही नक्कल व्हायचीच, पण ती निदान हाताने उतरवून काढावी लागायची आणि उतरवताना दोन-चार वाक्यं डोक्यात शिरायची. आता तेवढेही कष्ट उरलेले नाहीत.

हा लेख ऑनलाइन किंवा दूरस्थ कोर्स शिकवणाऱ्यांसाठी आहे: मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावरचे समंत्रक, कॉलेजातले प्राध्यापक, घरून क्लास घेणारे शिक्षक. पालकांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. माझं मत आधीच सांगून टाकते. बहुतेक विद्यार्थी लबाडी करायची म्हणून कॉपी करत नाहीत. वाचलेलं स्वतःच्या शब्दांत कसं मांडायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. उलट शाळेत पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं लिहिलं की पैकीच्या पैकी मिळालेले असतात. त्यामुळे पकडापकडीचा भाग मी शेवटी ठेवला आहे.

१. काय चालेल, काय नाही, हे पहिल्या तासाआधी लिहून द्या

एक पान पुरे. मराठीत, साध्या भाषेत. 'गैरप्रकार केल्यास कारवाई होईल' या वाक्याचा कुणालाही काही उपयोग नसतो. त्याऐवजी प्रसंग लिहा. प्रश्नावर मैत्रिणीशी फोनवर चर्चा केली तर चालेल. तिची वही मागून उत्तर उतरवलं तर नाही. मोठ्या भावाने हाच कोर्स मागच्या वर्षी केला असेल तर त्याच्या नोट्स वाचायला हरकत नाही, त्याचा गृहपाठ नाव बदलून पाठवायला आहे. शुद्धलेखन कुणाकडून तपासून घेतलं तर चालेल, पण तसं खाली लिहायचं.

पहिल्या तासाला हे पान वाचून दाखवू नका. त्यातले चार-पाच प्रसंग वर्गापुढे टाका आणि 'हे चालेल का?' असं विचारा. भावाच्या नोट्सवर हमखास वाद होतो, तो होऊ द्या.

एआयबद्दलचा नियम मात्र प्रत्येक गृहपाठासोबत वेगळा द्यावा लागतो. एखाद्या कामात मुद्दे सुचवून घ्यायला परवानगी असेल, एखाद्यात फक्त व्याकरण तपासायला, एखाद्यात अजिबात नाही. सरसकट 'एआय वापरू नये' म्हटलं तर तो नियम पहिल्याच आठवड्यात मोडतो, आणि एक मोडला की बाकीच्यांचाही धाक जातो.

२. स्वतःच्या शब्दांत लिहायला प्रत्यक्ष शिकवा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. दोन तास तरी द्याच.

विद्यार्थ्यांना एक वाक्य द्या, समजा हे: '१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर काढण्यात आली आणि पुढे १९७७ साली त्यासाठी कायदा करण्यात आला.' बहुतेकांकडून परत येतं ते असं: '१९७२ च्या दुष्काळामध्ये राज्यात रोजगार हमीची कामे व्यापक प्रमाणात सुरू झाली व त्यानंतर १९७७ मध्ये यासाठी कायदा संमत झाला.' लिहिणाऱ्याला मनापासून वाटतं की हे आपलं. पण वाक्याची चाल तीच आहे, क्रम तोच आहे, फक्त 'मोठ्या'चं 'व्यापक' झालं आहे. दोन्ही वाक्यं पडद्यावर एकाखाली एक लावा आणि जुळणाऱ्या जागा रंगवा. सांगावं लागत नाही, दिसतं.

मग तिसरं वाक्य दाखवा: 'रोजगार हमी आधी आली ती दुष्काळातली निकड म्हणून. १९७२ मध्ये कामं निघाली, पण त्यांना कायद्याचा आधार मिळायला १९७७ उजाडलं.' इथे लिहिणाऱ्याने दोन तारखांमधलं अंतर हेरलं आणि त्यावर बोट ठेवलं. हा विचार त्याचा स्वतःचा. तरीही माहिती दुसऱ्याकडून घेतली आहे, म्हणून कंसात लेखकाचं नाव आणि वर्ष यायलाच हवं. हा शेवटचा मुद्दा पुन्हापुन्हा सांगावा लागतो, कारण शब्द बदलले की उल्लेखाची गरज संपली असं पुष्कळांना वाटतं.

पद्धत सोपी आहे. उतारा दोनदा वाचा, मिटून ठेवा, चहा करून या, मग आठवेल तसं लिहा. लिहून झाल्यावरच मूळ उघडा आणि तपशील तपासा. उतारा डोळ्यांसमोर ठेवून 'स्वतःच्या शब्दांत' लिहिणं अनुभवी लेखकालाही अवघड जातं.

मराठीत लिहिणाऱ्यांचा एक खास पेच आहे, तो टाळून चालणार नाही. इंग्रजी लेख घ्यायचा, मशिनकडून मराठी करून घ्यायचा आणि पाठवून द्यायचा. जुळणी शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला ते बहुधा सापडत नाही, म्हणून विद्यार्थ्याला ते सुरक्षित वाटतं. भाषांतर केलं तरी विचार, मांडणी आणि उदाहरणं मूळ लेखकाचीच राहतात. त्यामुळे 'अमुक लेखाच्या आधारे, भाषांतर माझे' किंवा 'भाषांतर मशिनचे, दुरुस्त्या माझ्या' असं लिहायची सवय लावा. त्यात कमीपणा नाही, उलट चांगल्या भाषांतराला मी वेगळे गुण देईन. आणि मशिनच्या मराठीतलं एखादं 'हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे' छापाचं वाक्य वर्गात मोठ्याने वाचून 'आपण घरी असं बोलतो का?' एवढंच विचारा. हशा पिकतो आणि काम होतं.

३. संदर्भ द्यायची एकच सोपी रीत ठरवा

लेखक, वर्ष, शीर्षक, कुठे छापलं किंवा कुठे पाहिलं, कधी पाहिलं. पदवीच्या पहिल्या वर्षाला एवढं भरपूर झालं. स्वल्पविराम चुकला म्हणून गुण कापू नका.

सुरुवातीला सरावासाठी मराठी विश्वकोश बरा, कारण नोंदीच्या शेवटी लेखकाचं नाव असतं. विकिपीडियावर लेखक एक नसतो आणि मजकूर बदलत राहतो, म्हणून लेखाच्या इतिहासातून आपण वाचलेल्या आवृत्तीचा दुवा घ्यायला शिकवा. फॉरवर्ड होऊन आलेला मेसेज हा संदर्भ नव्हे, मग त्याखाली कितीही मोठ्या माणसाचं नाव असो.

४. उतरवून काढता येणार नाहीत असे प्रश्न काढा

'जलसंधारणाचे महत्त्व सांगा' या प्रश्नाचं उत्तर जगात तयारच आहे. 'तुमच्या गावातल्या किंवा वॉर्डातल्या एका विहिरीची, तलावाची किंवा बोअरची माहिती दोन वयस्कर माणसांना विचारा आणि त्यांच्या सांगण्यात फरक कुठे पडतो ते लिहा' याचं उत्तर त्या विद्यार्थ्याशिवाय कुणाकडे नाही. वाणिज्य शिकवत असाल तर घरचं वीजबिल किंवा कोपऱ्यावरच्या दुकानाची महिन्याची खरेदी घ्या, नावं गाळून. शिक्षणशास्त्र असेल तर एका पोराला भागाकार शिकवून बघायला सांगा.

दुसरा उपाय म्हणजे काम तुकड्यांत मागणं: आधी मुद्दे, मग कच्चा मसुदा, मग पक्का. गूगल डॉक्समध्ये लिहिलं तर आवृत्त्यांचा इतिहास आपोआप राहतो. पण तुमच्या वर्गात फक्त फोनवर शिकणारे असतील, आणि मुक्त शिक्षणात ते असतातच, तर वहीतल्या टिपणांचा फोटोही तितकाच चांगला. शेवटी पाच मिनिटांचा फोन: 'हा मुद्दा का घेतलास? दुसरा कोणता सोडलास?' साठ जणांना फोन करणं शक्य नसतं, तेव्हा दर वेळी चिठ्ठ्या टाकून आठ-दहा जण निवडा. कुणाचाही नंबर लागू शकतो एवढं पुरतं.

गुणांची वाटणीही बघा. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमातल्या कोर्समध्ये घरून करायच्या असाइनमेंटला २५ गुण आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ असतात, आणि प्रमाणपत्रासाठी दोन्हीकडे वेगवेगळी किमान पातळी गाठावी लागते: २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०. असाइनमेंटची तयार उत्तरं टेलिग्रामवर आणि यूट्यूबवर सर्रास फिरतात, पण त्यांच्या भरवशावर बसलेला परीक्षेत उघडा पडतो. घरून करायच्या कामाला गुण थोडे आणि सुधारणेची संधी जास्त ठेवली की कॉपीचा मोह आपोआप उतरतो.

५. एआयशी लपंडाव खेळू नका

'हे एआयने लिहिलं आहे का' हे सांगणाऱ्या साधनांवर शिक्षेचा निर्णय सोडू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचंच असं साधन कमी अचूकतेचं कारण देऊन २०२३ मध्ये बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंधांवर एआयचा शिक्का बसला. आपले विद्यार्थी इंग्रजीत लिहितात तेव्हा ते याच गटात मोडतात.

त्यापेक्षा एक प्रयोग द्या. एआयला आपल्या तालुक्याच्या इतिहासावरची पाच मराठी पुस्तकं विचारायची आणि ती ग्रंथालयात शोधायची. काही सापडतील, काही जन्मालाच आलेली नसतील. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे न्यायालयात सादर केले आणि ५,००० डॉलर दंड भरला. ही हकीकत सांगा, पण शोधाशोध मुलांकडूनच करून घ्या.

६. ऑनलाइन जगातले नागरिक म्हणून वागणं

यातलं बरंचसं घरच्या शिस्तीसारखंच आहे, म्हणून थोडक्यात. लॉगिन आणि ओटीपी कुणालाही द्यायचा नाही, अगदी 'मी तुझी टेस्ट देतो' म्हणणाऱ्या जिवलग मित्रालाही. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिक हेतूने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली गुन्हा आहे आणि संगणकाच्या आधारे तोतयेगिरी करून फसवणं कलम ६६ ड खाली. दोन्हींना ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घरात एकच फोन असेल तर काम झाल्यावर लॉगआउट करायचं. तासाच्या वेळी वर्गमित्रांचे चेहरे दिसणारा स्क्रीनशॉट विचारल्याशिवाय कुठेही टाकायचा नाही, आणि मीम करायला तर मुळीच नाही.

पैसे घेऊन असाइनमेंट लिहून देणाऱ्यांच्या जाहिरातींबद्दल मोकळेपणाने बोला. अशा माणसाकडे तुमचं नाव, नोंदणी क्रमांक आणि तुम्ही कॉपी केल्याचा पुरावा असतो, आणि तो त्याचं पुढे काय करेल ते तुमच्या हातात नसतं. पैशांची फसवणूक झाली तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, हेही याच तासात सांगून टाका.

नुसतं 'चोरीची पीडीएफ वापरू नका' म्हणून भागत नाही, कारण पुस्तकं महाग असतात. पर्याय द्या. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत आहेत. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं उलटली की भारतात त्याचं लेखन सर्वांना खुलं होतं. चित्रांसाठी विकिमीडिया कॉमन्स आहे, फक्त चित्राखालचा परवाना वाचून छायाचित्रकाराचं नाव द्यायचं.

७. कॉपी सापडलीच तर

आधी एकट्याला फोन करा, ग्रुपवर नाव घेऊ नका. 'हा परिच्छेद कसा लिहिलास?' असं विचारा आणि उत्तर ऐका. रात्रपाळी, आजारी सासूबाई, रिचार्ज संपलेला, अशी कारणं निघतात आणि त्यातली पुष्कळ खरी असतात. म्हणून प्रत्येकाला सत्रातून एकदा, कारण न विचारता, दोन दिवसांची मुदतवाढ द्या. माझ्या मते कॉपी रोखण्याचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

सॉफ्टवेअरने दाखवलेला जुळणीचा टक्का हा निकाल समजू नका. अवतरणं, संदर्भसूची, कायद्यांची नावं यांनीही तो फुगतो. '१० टक्क्यांपर्यंत चालतं' हे वाक्य विद्यार्थी नेहमी ऐकवतात. ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतून आलं आहे. तिथे १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, पुढे ४० आणि ६० टक्क्यांवर शिक्षेच्या पायऱ्या बदलतात. पण ते विनियम प्रबंध, शोधनिबंध अशा लेखनासाठी आहेत. असाइनमेंट, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका त्यांतून स्पष्टपणे वगळल्या आहेत. तेव्हा गृहपाठासाठी तुमच्या संस्थेचा नियमच चालेल, आणि तो तुम्ही पहिल्या पानावर लिहिलेला असायला हवा.

पहिल्या वेळी काम पुन्हा करायला लावा आणि वरच्या दुसऱ्या भागातला सराव सोबत द्या. दुसऱ्या वेळी गुण कापा. त्यानंतर प्रकरण विभागप्रमुखांकडे किंवा केंद्रसंयोजकांकडे लेखी द्या, विद्यार्थ्याची बाजू जोडून. प्रत्येक वेळी तारीख आणि झालेलं बोलणं दोन ओळींत टिपून ठेवा. आणि ज्या प्रश्नावर वर्गातल्या निम्म्या जणांनी एकच उत्तर पाठवलं, तो प्रश्न पुढच्या सत्राआधी बदला.