पिल्लू साप सारखा चावतोय? या चुका टाळा

माझं कॉर्न स्नेकचं पिल्लू घरी आलं तेव्हा जेमतेम पेन्सिलीएवढं जाड होतं. टबचं झाकण उघडलं की मानेचा एस करून बसायचं, शेपटी इतकी थरथरवायचं की खालच्या पेपरवर खुळखुळा वाजल्यासारखा आवाज यायचा, आणि हात आत गेला की खाडकन चावायचं. जवळपास दीड महिना हे चाललं. त्याला राग वगैरे नव्हता हो, एवढ्याशा जिवाला वरून येणारा हात म्हणजे आपल्याला उचलून खाणारा पक्षीच वाटतो. (हे सगळं कॉर्न स्नेक, बॉल पायथॉन अशा बिनविषारी पाळीव सापांबद्दल लिहितोय, रानातल्या सापाला हात लावायचाच नाही.)

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे घाई. आणल्या दिवशीच हातात घेणं, फोटो काढणं, मित्रांना दाखवणं. निदान आठवडाभर त्याला हात लावू नका, फक्त पाणी बदला, आणि शक्यतो दोन-तीन वेळा नीट खाल्ल्यावरच हॅंडलिंग सुरू करा. खाल्ल्यावर 48 तास परत सुट्टी, नाहीतर खाल्लेलं ओकून टाकतं आणि ते पिल्लाला फार जड जातं. डोळे दुधाळ निळसर दिसायला लागले म्हणजे कात टाकायची वेळ आलीय, तेव्हा त्याला नीट दिसत नसतं आणि गरीब सापसुद्धा दचकून चावतो, त्यामुळे कात पडेपर्यंत थांबा.

दुसरी चूक टबमधली. मोठा, मोकळा, लपायला जागाच नाही असा टब दिला की पिल्लू चोवीस तास घाबरलेलंच राहणार. गरम बाजूला एक आणि थंड बाजूला एक अशा दोन लपायच्या जागा हव्यात, त्यापण अंगाला घट्ट बसतील अशा, आणि बाकीच्या जागेत खोटी पानं, पुठ्ठ्याच्या नळ्या टाका. माझ्याकडे निम्मा फरक तर इथेच पडला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ते झेपावलं की आपण हात झटकन मागे घेतो, चावलं की लगेच टबमध्ये ठेवून देतो. मग त्याला कळतं की चावलं की हा मोठा प्राणी पळतो, आणि पुढच्या वेळी ते आधीच चावतं. वरून झडप घालायची नाही, डोकं किंवा शेपटी पकडायची नाही. बाजूने हात न्या, आधी हुकाने (साप उचलायची वाकड्या टोकाची काठी) किंवा गुंडाळलेल्या कागदाने अंगाला हळूच स्पर्श करा म्हणजे आता खायला मिळणार नाहीये हे त्याला समजतं, आणि मग एकदा ठरवलं की न अडखळता पोटाखालून उचला. हातात चावलं तरी शांत उभे राहा, त्याचा श्वास संथ झाला, जीभ बाहेर यायला लागली की मग ठेवा. सुरुवातीला पाच मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा, बास. जाड ग्लोव्हज नकोत, त्यात आपल्याला पकड किती घट्ट झालीय ते कळत नाही.

चावा कसला आहे तेपण बघा. चावून लगेच सोडलं तर भीती. पकडून विळखा घातला तर त्याने हाताला खाणं समजलंय, म्हणजे बहुतेक हाताला उंदराचा वास होता किंवा तुम्ही हाताने भरवताय. लांब चिमटा वापरा आणि हॅंडलिंगच्या आधी हात साबणाने धुवा. नंतरही धुवा, सापांच्या अंगावर साल्मोनेला (पोट बिघडवणारे जंतू) असू शकतो. खायला घालायला वेगळ्या डब्यात काढा असं बरेच जण सांगतात पण त्याने उलट होतं, खाण्याच्या मूडमधल्या सापाला उचलून परत ठेवावं लागतं आणि तेव्हाच चावा बसतो.

सोडतच नसेल तर ओढू नका, दात आतल्या बाजूला वळलेले असतात, ओढलं की तुमची कातडी फाटते आणि त्याचे दात तुटतात. हात गार पाण्याच्या धारेखाली धरा, बहुतेक वेळा सोडतं. मग जखम साबणाने धुवा.

आणि आधी शांत असलेला साप अचानक चावायला लागला तर त्याला वळण लावत बसू नका. खवल्यांच्या फटीत किंवा पाण्याच्या वाटीत काळे ठिपके म्हणजे माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे) असू शकतात, तोंडाशी सूज, चिकट लाळ, श्वास घेताना घरघर हे दिसलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांचं कळणाऱ्या डॉक्टरकडे लगेच न्या, आणि तोवर हॅंडलिंग पूर्ण बंद.