भाडेकरूकडून स्वतःला राहायला घर परत हवंय? मग या चुका टाळा

चाळीत, वाड्यात नाहीतर पागडीच्या बिल्डिंगमध्ये जुना भाडेकरू आहे, इकडे मुलाचं लग्न झालंय, दोन खोल्यांत सहा-सात माणसं, म्हणून घर परत हवंय, एवढं ऐकून कुणालाही पटतं. तरी अशी खरी गरज असलेले मालकही केस हरतात आणि बऱ्याचदा ते स्वतःच्याच कागदांमुळे आणि मेसेजेसमुळे.

आधी बघा तुमची केस नक्की कुठली. घर लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं राहायच्या परवानगीवर दिलं असेल, करार रजिस्टर असेल आणि मुदत संपली असेल तर गरज बिरज सिद्ध करायची भानगडच नाही, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी नेमलेला अधिकारी) अर्ज करायचा, मुदतीनंतरच्या दिवसांचे पैसे दुप्पट दराने मागता येतात. लोक उगाच तिथे आईच्या गुडघ्यांचे एक्सरे लावत बसतात. गरज दाखवावी लागते ती खऱ्या भाडेकरूसमोर, म्हणजे लायसन्सवर नाही तर भाडेहक्काने राहणाऱ्यासमोर, कलम १६(१)(जी) मध्ये, आणि तो दावा मुंबईत स्मॉल कॉजेस कोर्टात (लघुवाद न्यायालयात).

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. मार्चमध्ये व्हॉट्सअ‍ॅप करायचा की भाडं तिप्पट करा नाहीतर खोली सोडा, आणि जूनमध्ये दावा लावायचा की आम्हाला राहायलाच जागा नाही. उलटतपासणीत तो मेसेज समोर आला की पुढे काय बोलणार? भाडं वाढवून दिलं असतं तर तुम्ही कुठे राहणार होतात, हा एकच प्रश्न पुरतो. ब्रोकरला दिलेली विक्रीची जाहिरातही तशीच नडते.

दुसरा फ्लॅट लपवणं हा तर वेडेपणाच आहे कारण लपवायची गरजच नसते. आपल्याला कुठलं घर सोयीचं हे मालकानेच ठरवायचं, भाडेकरूने नाही, असं सुप्रीम कोर्टाने प्रतिवा देवी (१९९६), शिव सरूप गुप्ता (१९९९) अशा निकालांत म्हटलंय. म्हणजे डोंबिवलीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, वडिलांना जिना चढवत नाही, हे दाव्यात सरळ लिहा की चालतं. न लिहिता त्या फ्लॅटचा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा) भाडेकरूच्या वकिलाने काढून आणला की मात्र तुमचं बाकीचं खरं बोलणंही कोर्टाला खोटं वाटायला लागतं.

‘मला स्वतःसाठी जागा हवी आहे’ एवढंच लिहून दावा टाकणारेही खूप. कोण राहणार, सध्या कुठे राहतात, किती खोल्या, किती माणसं, हे दाव्यात नसेल तर नंतर साक्षीत घुसवता येत नाही. आणि ज्या मुलासाठी घर मागताय त्याला शक्यतो साक्षीला उभं करा, तो बंगळुरूला नोकरीला असेल तर परत कधी नि का येणार तेही आधीच मांडा. भावाभावांची मालकी असेल तर एकजणही दावा करू शकतो, बाकीच्यांची हरकत नको, म्हणून त्यांची संमती लेखी घेऊन ठेवा.

कलम १६(२) बरेचजण विसरतात. गरज खरी ठरली तरी जास्त त्रास कुणाला होणार हे कोर्ट तोलतं, कधी कधी अर्ध्या जागेचाच ताबा देतं. भाडेकरूने किंवा त्याच्या बायकोने कुठे फ्लॅट घेतलाय का ते शोधणं इथे कामी येतं, आणि त्याने दुसरी जागा बघायचा प्रयत्न तरी केला का हेही तुमच्या वकिलाला विचारायला लावा.

थकबाकी असेल तर ‘तेही टाकू’ म्हणून घाईत टाकू नका, त्याला कलम १५ ची लेखी नोटीस आणि ९० दिवस लागतात. पाणी, लाईट तोडून बघू असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, कलम २९ मध्ये त्याला मनाई आहे आणि चांगली चाललेली केस त्याने नासते.

जिंकल्यावरही घोळ होतो बरं का. ताबा मिळाल्यापासून एक महिन्यात राहायला गेला नाहीत, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिलंत, तर कलम १७ खाली जुना भाडेकरू १३ महिन्यांत अर्ज करून परत आत येऊ शकतो. त्यामुळे रंगकाम, फरशा जे काय करायचंय त्याचा अंदाज ताबा घ्यायच्या आधीच घ्या आणि निदान एका खोलीत तरी सामान लावून राहायला लागा.